इंग्रजीतलं 'हार्बर' हे क्रियापद: लपवणं, थारा देणं आणि मनात बाळगणं

शब्दकोशात 'हार्बर' बघितलं की अर्थ एकाखाली एक मिळतात: बंदर, आसरा देणे, लपवणे, मनात बाळगणे. चारही बरोबर आहेत. पण तेवढ्या भांडवलावर कुणी वाक्य करायला बसलं की 'तिने किल्ली उशीखाली हार्बर केली' अशा धर्तीचं इंग्रजी तयार होतं आणि वाचणारा अडखळतो. 'लपवणे' हा अर्थ छापलेला असताना किल्लीला हे क्रियापद का चालत नाही? आणि फरार माणसाला, संशयाला, विषाणूला मात्र का चालतं? या प्रश्नाचं उत्तर हाती आलं की अर्थांची यादी पाठ करावी लागत नाही. त्या उत्तराकडे एकेक पायरी चढत जाऊ.

पहिली पायरी: रूप आणि उच्चार

ब्रिटिश लेखनात शब्दाच्या शेवटी ओ-यू-आर येतं, अमेरिकन लेखनात ओ-आर. अमेरिकेत असे शब्द 'यू' शिवाय लिहिण्याची पद्धत नोआ वेब्स्टर यांच्या १८२८ च्या शब्दकोशाने पक्की केली. दोन्ही बरोबर, फक्त एका लेखात एकच धरायचं. विशेषनामं मात्र आपल्या जागी जशी आहेत तशीच ठेवायची: पर्ल हार्बर नेहमी 'यू' शिवाय आणि सिडनी हार्बर नेहमी 'यू' सह, मग तुमचं बाकीचं लेखन कुठल्याही पद्धतीचं असो.

क्रियापद नियमित आहे: हार्बर्स, हार्बर्ड, हार्बरिंग. प्रत्यय लागताना शेवटचा 'आर' दुप्पट होत नाही, कारण आघात पहिल्या अक्षरावर आहे. 'अकर' (घडणे) या क्रियापदात आघात शेवटी आहे, म्हणून तिथे तो दुप्पट होतो. ब्रिटिश उच्चारात दोन्ही 'र' जवळजवळ ऐकू येत नाहीत, अमेरिकन उच्चारात दोन्ही स्पष्ट येतात.

आणि एक गोष्ट आत्ताच लक्षात ठेवा. आजच्या वापरात या क्रियापदाला कर्म लागतंच. कोणाला किंवा कशाला, हे सांगितल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. 'आम्ही झाडाखाली हार्बर झालो' असं म्हणता येत नाही. जुन्या लेखनात जहाज खाडीत 'हार्बर' करतं असा अकर्मक वापर सापडतो, पण तो वाचताना ओळखण्यापुरता.

दुसरी पायरी: बंदराच्या आधी मुक्काम होता

आपल्यापैकी बहुतेकांना हा शब्द आधी नाम म्हणून भेटतो, बंदर या अर्थाने. म्हणून वाटतं, की जहाजाला बंदर आसरा देतं त्यावरून माणसाला आसरा देण्याचा अर्थ निघाला असेल. इतिहास उलटा आहे. जुन्या इंग्रजीत 'हेरेबेओर्ग' असा शब्द होता. त्यातलं 'हेरे' म्हणजे सैन्य आणि 'बेओर्ग' म्हणजे संरक्षण, आडोसा. सैन्याने रात्री थांबायची जागा, मग कुणाही वाटसरूचा मुक्काम, आणि नंतर जहाजांचा मुक्काम, असा तो सरकत गेला. जर्मनमधलं 'हेरबेर्गे' आणि फ्रेंचमधलं 'ओबेर्ज' हे त्याचेच भाऊबंद, आणि दोन्ही उतरायच्या जागेचे शब्द आहेत. इंग्रजीतला 'हार्बिंजर' हा शब्दही याच घरातला. पुढे जाऊन लष्कराची किंवा राजाच्या लवाजम्याची उतरायची सोय करणारा तो हार्बिंजर. आज त्याचा अर्थ येणाऱ्या गोष्टीची आगाऊ चाहूल देणारा असा झाला आहे.

म्हणजे 'हार्बर'च्या मुळाशी लपवाछपवी नाही, राहायला जागा देणं आहे. कॅथलिक परंपरेत दयेच्या सात शारीरिक कृत्यांची यादी आहे, तिच्यातलं एक कृत्य जुन्या काळच्या लेखनात 'टू हार्बर द हार्बरलेस' असं लिहिलेलं आढळतं: बेघराला घरात घेणं. तिथे हे क्रियापद पुण्यकर्माचं आहे. तीच ओळ आज बहुधा 'शेल्टर द होमलेस' अशी लिहितात. आजच्या कानाला 'हार्बर' ऐकताच शंका येते, म्हणून ते मागे पडलं. ही शंका कुठून आली, हाच या शब्दाचा सगळ्यात रंजक भाग आहे.

तिसरी पायरी: माणसाला हार्बर करणं

राहायला जागा देणं हा गाभा ठेवून त्यावर काळाच्या ओघात एक छटा चढली: ज्याला जागा दिली, त्याचा कुणीतरी शोध घेत आहे आणि जागा देणाऱ्याला ते माहीत आहे. म्हणून आज या क्रियापदापुढे येणारी माणसं ठरावीक आहेत. फरारी, गुन्हेगार, दहशतवादी, हेर, सैन्यातून पळालेला शिपाई. ११ सप्टेंबर २००१ च्या रात्री अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी भाषणात सांगितलं, की ही कृत्यं करणारे दहशतवादी आणि त्यांना 'हार्बर' करणारे यांच्यात आम्ही फरक करणार नाही. त्या जागी 'हाइड' वापरलं असतं तर अर्थ खूपच लहान झाला असता. अड्डा देणं, राहू देणं, तिथून काम चालू देणं, हे सगळं 'हार्बर'मध्ये येतं. मराठीत याला अगदी जवळचा शब्द 'थारा देणे' हा आहे. 'आश्रय देणे' हे सन्मानाने होऊ शकतं, पण थारा कुणाला दिला असं म्हटलं की बोलणाऱ्याची नाराजी त्यातच आली.

लपवणं आणि थारा देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कायद्याच्या भाषेत फार स्वच्छ दिसतं. अमेरिकेत १८५० साली फरार गुलामांविषयी कायदा झाला. पळून आलेल्या माणसाचा पत्ता लागू नये म्हणून त्याला 'हार्बर ऑर कन्सील' करणाऱ्याला १००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद अशी शिक्षा त्यात होती. एकाच अर्थाचे असते तर दोन शब्द का घातले असते? आजच्या अमेरिकन स्थलांतर कायद्यात तर तीन शब्द शेजारी आहेत: 'कन्सील्स, हार्बर्स, ऑर शील्ड्स फ्रॉम डिटेक्शन'. पहिल्यात माणूस दिसू न देणं, दुसऱ्यात त्याला राहायला जागा देणं, तिसऱ्यात शोधणाऱ्यांपासून त्याचा बचाव करणं. ही तीन क्रियापदं वेगळी करायला शिकायचं असेल तर कुठल्याही व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा हे कलम मला जास्त उपयोगी वाटतं.

याच कायद्यावरचा एक खटला तर भाषेच्या प्रत्येक विद्यार्थ्याला सांगावा असा आहे. एका स्त्रीचा मित्र कागदपत्रांशिवाय देशात राहत होता आणि काही महिने तो तिच्या घरी राहिला. तिने त्याला 'हार्बर' केलं असा आरोप होता आणि खालच्या न्यायालयात तो मान्यही झाला. २०१२ मध्ये प्रकरण अपील न्यायालयात आलं. सरकारपक्षाचा भर 'हार्बर म्हणजे आसरा देणे' या शब्दकोशातल्या अर्थावर होता. न्यायाधीश रिचर्ड पोझ्नर यांनी शब्दकोशावर थांबायचं नाकारलं आणि लोक हा शब्द प्रत्यक्षात कुणाबद्दल वापरतात हे गूगलवर शोधून निकालपत्रात आकड्यांसह लिहिलं. फरारी लोकांना 'हार्बर' करणं हा प्रयोग ५०,८०० वेळा सापडला, पाहुण्यांना 'हार्बर' करणं फक्त १८४ वेळा, आणि पूरग्रस्तांना 'हार्बर' करणं एकदाही नाही. विशिष्ट गटातल्या लोकांना यंत्रणांपासून जाणीवपूर्वक सुरक्षित ठेवणं, ही या शब्दाची खरी छटा आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. नुसतं सोबत राहू देणं त्यात बसत नव्हतं. शिक्षा रद्द झाली.

पूरग्रस्तांचं ते शून्य मनात ठेवा. पुरातून आलेल्या कुटुंबाला शाळेत जागा दिली तर इंग्रजीत 'शेल्टर्ड' किंवा 'हाउस्ड' म्हणायचं. त्यांना शोधणारं, त्यांच्या राहण्याला आक्षेप घेणारं कुणी नाही, म्हणून 'हार्बर' तिथे चुकतं.

यातून आणखी एक गोष्ट निघते. एकाच कृतीला कोण काय म्हणतं, यावरून बोलणारा कुठे उभा आहे ते कळतं. गुलामगिरीतून निसटलेल्यांना आपल्या घरात ठेवणाऱ्या माणसांनी त्यांना आसरा दिला, असं आपण आज आदराने म्हणतो. कायद्याने त्याच कृतीला 'हार्बर' म्हटलं आणि गुन्हा ठरवला. दुसऱ्या महायुद्धात ज्यू कुटुंबांना लपवून ठेवणाऱ्यांबद्दल लिहिताना 'शेल्टर्ड' आणि 'हिड' हे शब्द दिसतात, आणि 'हार्बर्ड'ही दिसतो. या तिसऱ्या शब्दात मागावर असलेल्या सत्तेचा धोका जाणवतो, आणि लेखकाला तो धोकाच दाखवायचा असेल तर शब्द योग्य आहे. पण बातमीत किंवा निबंधात ज्याची बाजू तुम्ही घेत आहात, त्याच्याबद्दल नकळत 'हार्बर' लिहिलंत तर तुम्हीच त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलेलं असतं. 'नोइंगली हार्बर्ड' म्हणजे जाणूनबुजून थारा दिला, हे तर थेट आरोपपत्राचं इंग्रजी आहे.

चौथी पायरी: मन हीसुद्धा राहायची जागा

रोजच्या वाचनात हे क्रियापद सर्वांत जास्त भेटतं ते भावनांबरोबर. 'ही स्टिल हार्बर्स अ ग्रज अगेन्स्ट हिज ब्रदर' म्हणजे भावाबद्दल त्याच्या मनात अजून अढी आहे. मराठीत आपण राग 'धरतो', आकस 'बाळगतो', डूख 'धरून ठेवतो'. इंग्रजीत मन त्या भावनेला आत राहू देतं. इथे तीन लक्षणं आहेत: आत असणं, बराच काळ असणं, आणि बाहेर सहसा न दिसणं.

म्हणून क्षणिक भावनेला हे क्रियापद लावू नका. कुणी धक्का दिला आणि तुम्ही चिडलात, तर ते 'हार्बर' नव्हे. तोच राग वर्षभर आत राहिला तर मात्र आहे. आनंद, उत्साह, कृतज्ञता यांनाही ते सहसा लागत नाही, कारण त्या लपवून ठेवाव्या लागत नाहीत. चांगल्या भावनांपैकी आशा, महत्त्वाकांक्षा आणि न सांगितलेलं प्रेम चालतं. 'शी हॅड लाँग हार्बर्ड अँबिशन्स ऑफ बिकमिंग अ पायलट' या वाक्यात वैमानिक व्हायची इच्छा तिने फारशी बोलून दाखवलेली नाही, हे न सांगता कळतं. ती ही इच्छा सगळ्यांना सांगत फिरली असती तर 'शी वॉंटेड' पुरेसं होतं.

जोडीला येणारी शब्दयोगी अव्ययं पाठच करावी लागतात, तर्काने ती निघत नाहीत. ग्रज असेल तर 'अगेन्स्ट'. रिझेंटमेंट (मनातली चीड) आणि इल विल (वाईट भावना) असेल तर 'टुवर्ड्स'. डाउट्स असतील तर 'अबाउट'. फीलिंग्ज, म्हणजे प्रेमाच्या अर्थी, असतील तर 'फॉर'. अँबिशन्स आणि होप्स असतील तर 'ऑफ' आणि त्यापुढे आयएनजी रूप. क्रियाविशेषणांत 'लाँग', 'स्टिल', 'सीक्रेटली' ही तीन सारखी भेटतात, आणि तिन्ही काळ किंवा गुप्तता दाखवणारी आहेत, हा योगायोग नाही.

स्वतःबद्दल बोलताना लोक हा शब्द फार वेळा नकारात वापरतात. 'आय हार्बर नो इल विल टुवर्ड्स देम' म्हणजे त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही किल्मिष नाही. 'वुई हार्बर नो इल्यूजन्स अबाउट द कॉस्ट' म्हणजे खर्चाबद्दल आम्ही कुठल्या भ्रमात नाही. 'माझ्या मनात तुझ्याबद्दल अढी आहे' हे होकारात सांगताना मात्र तीच व्यक्ती सहसा 'आयम स्टिल अपसेट विथ यू' असं काहीतरी साधं म्हणते. औपचारिक पत्रात, राजीनाम्यात, समेटाच्या निवेदनात नकाराचा हा साचा फार कामाचा आहे. मित्राशी गप्पा मारताना तो जड वाटतो.

ग्रजबरोबर 'बेअर', 'होल्ड' आणि 'नर्स' हीसुद्धा क्रियापदं येतात. 'बेअर' आणि 'होल्ड' साधी आहेत, आकस आहे एवढंच सांगतात. 'नर्स'मध्ये माणूस तो आकस जोपासतो, त्याला खतपाणी घालतो. 'हार्बर' या दोन्हींच्या मधलं आहे: खतपाणी घालतोच असं नाही, पण बाहेरही काढत नाही. शंका किंवा कल्पना असेल तर 'एंटरटेन' हाही पर्याय असतो, पण तो थोडा वेळ विचार करून बघण्याचा. एखादी शंका तुम्ही आज 'एंटरटेन' केलीत आणि महिन्याभराने ती तशीच मनात असली, तर आता तुम्ही ती 'हार्बर' करत आहात.

पाचवी पायरी: विज्ञानातला वापर

इथे आरोपाची छटा गळून पडते आणि आत मुक्काम असणं एवढंच उरतं. वटवाघळं विषाणू 'हार्बर' करतात, ओला स्पंज जंतू 'हार्बर' करतो, पेशी एखादं उत्परिवर्तन 'हार्बर' करते. मारबर्ग विषाणू इजिप्शियन फळवटवाघळांमध्ये नैसर्गिकपणे राहतो. तो त्यांच्यात असतो, पण ती त्याने आजारी पडलेली दिसत नाहीत. अशा ठिकाणी 'हॅव' म्हटलं तर वटवाघळाला आजार आहे असं वाटू शकतं. 'हार्बर' म्हटलं की ते नुसतं घर आहे हे कळतं. न्यूयॉर्कमध्ये घरोघरी स्वयंपाकीण म्हणून काम करणाऱ्या मेरी मॅलन यांचं उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. त्या स्वतः धडधाकट होत्या, पण विषमज्वराचे जंतू त्यांच्या शरीरात होते, आणि १९०७ साली ते उघडकीला आलं. त्यांच्याबद्दल 'शी हार्बर्ड द बॅक्टीरिया' हे वाक्य नेमकं बसतं.

जीवशास्त्रात तर हा शब्द कौतुकानेही येतो. प्रवाळभित्तींनी समुद्रतळाचा एक टक्काही व्यापलेला नाही, तरी सुमारे चतुर्थांश सागरी जाती त्यांच्या आधाराने जगतात असं मानलं जातं. या जाती तिथे 'हार्बर' होतात असं मात्र लिहायचं नाही. कर्ता प्रवाळभित्ती हवी: 'कोरल रीफ्स हार्बर अ ग्रेट व्हरायटी ऑफ स्पीशीज'. मराठीत हेच आपण फिरवून सांगतो, की प्रवाळभित्तीत असंख्य जाती नांदतात. भाषांतर करताना कर्ता-कर्माची ही अदलाबदल विसरली की वाक्य उलटं होतं.

सहावी पायरी: शेजारचे शब्द

'हाइड' सगळ्यांत मोकळा शब्द आहे. वस्तू, माणूस, भावना, सगळ्यांना चालतो आणि स्वतः लपण्यालाही चालतो. त्याची रूपं अनियमित आहेत: हाइड, हिड, हिडन. 'कन्सील' त्याचाच औपचारिक भाऊ, पण त्याला कर्म हवंच. वय, उत्पन्न, हत्यार, पुरावा अशा गोष्टींबरोबर तो शोभतो. 'शेल्टर'मध्ये संकटापासून बचाव असतो आणि पुढे बहुधा 'फ्रॉम' येतं. स्वतः आसरा घेण्यालाही तो चालतो. 'शील्ड' मध्ये आड येणं आहे, 'स्क्रीन' मध्ये पडदा धरणं. यांपैकी कशातच आत राहायला देणं हे आवश्यक नाही. ते फक्त 'हार्बर'मध्ये आहे.

नामांबद्दल थोडकंच. 'हार्बर' म्हणजे जहाजांना वाऱ्या-लाटांपासून सुरक्षित असं पाणी, निसर्गाने केलेलं किंवा माणसाने. 'पोर्ट' म्हणजे माल आणि माणसं चढवण्या-उतरवण्याचं ठिकाण. 'सेफ हार्बर' हा कायद्यातला शब्द वेगळ्या कामाचा आहे: अमुक अटी पाळल्यास जबाबदारीतून सूट, असं कलम. अमेरिकेच्या १९९८ च्या डिजिटल कॉपीराइट कायद्यातल्या अशा तरतुदी प्रसिद्ध आहेत.

सातवी पायरी: करून बघा

वाक्य लिहिण्याआधी तीन प्रश्न विचारा. एक, जिच्या आत काही राहू शकेल अशी जागा आहे का, मग ते घर असो, देश, शरीर किंवा मन? दोन, आत असलेलं तिथे काही काळ राहतं आहे का? तीन, ते बाहेरून दिसत नाही, किंवा त्याच्या तिथे असण्याला कुणाचा आक्षेप आहे का? तिन्ही उत्तरं हो आली तर 'हार्बर' निर्धास्त वापरा. विज्ञानाच्या लेखनात पहिली दोन पुरतात.

'पोलिस शोधत असलेल्या भावाला तिने महिनाभर घरात ठेवलं.' घर आहे, महिना आहे, शोध आहे: 'शी हार्बर्ड हर ब्रदर फॉर अ मंथ'. 'तिने पत्र पुस्तकात लपवलं.' पत्र तिथे राहायला आलेलं नाही: 'शी हिड द लेटर'. 'पाऊस आला तेव्हा आम्ही पुलाखाली थांबलो.' बचाव आहे, तोही स्वतःचा: 'वुई शेल्टर्ड फ्रॉम द रेन'. 'अर्जात त्याने आधीची शिक्षा दडवली.' औपचारिक, कर्म आहे, मुक्काम नाही: 'ही कन्सील्ड'. 'निकालाबद्दल तिच्या मनात अजून शंका आहेत.' 'शी स्टिल हार्बर्स डाउट्स अबाउट द रिझल्ट'. 'लाकडी फळीच्या भेगांत जंतू राहतात.' कर्ता बदला: 'क्रॅक्स इन द बोर्ड कॅन हार्बर जर्म्स'.

शेवटचं वाक्य मुद्दाम अवघड देतो: 'पाहुणे दोन आठवडे आमच्याकडे राहिले.' घर आहे, मुक्काम आहे, पण तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नाही असं येतं. म्हणून सरळ 'अवर गेस्ट्स स्टेड विथ अस फॉर टू वीक्स' लिहा. ते पाहुणे कुणापासून पळून आलेले निघाले, तरच शब्द बदलायचा.